हॉबिट डे घरच्या घरी: दिवसभराची मॅरेथॉन, लेंबास आणि तेंगवार लिपीत मराठी निमंत्रण

शायरकर_पुणे
नमस्कार मंडळी. २२ सप्टेंबरला टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या बिल्बो आणि फ्रोडो या दोन हॉबिटांचा, म्हणजे बुटक्या खवय्या जमातीतल्या मंडळींचा, वाढदिवस. यंदा तो पुण्यात घरीच साग्रसंगीत करायचा बेत आहे. माणसं बारा. निम्म्यांना पुस्तक जवळजवळ पाठ आहे, काहींनी फक्त चित्रपट पाहिलेत आणि दोन शाळकरी मुलं सगळं पहिल्यांदाच बघणार आहेत. प्रोजेक्टर, साधा साउंडबार आणि ओटीजी घरात आहे.

तिन्ही चित्रपटांच्या विस्तारित आवृत्त्या एका दिवसात बसवायच्या आहेत, पण रात्री दहाच्या आत सगळं आटपायला हवं. खाण्याच्या वेळा त्यात कशा गुंफायच्या? लेंबास म्हणजे एल्फांचं प्रवासातलं खाणं, ते अंडं न घालता कसं करतात? ते मोडता आलं पाहिजे आणि पानात गुंडाळून देता आलं पाहिजे. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे निमंत्रण टोल्किनने रचलेल्या तेंगवार लिपीत, पण मराठीतून हवंय. इंग्रजी मजकूर टाकून रूपांतर करून देणाऱ्या साइट्स आहेत, मला तसं नकोय. ख, ढ, ळ, अनुस्वार हे सगळं व्यवस्थित बसवायचंय. कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

दुसरी_न्याहारी
वेळापत्रकाचं मी सांगतो. सुरुवात आवृत्ती तपासण्यापासून करा. स्ट्रीमिंगवर बऱ्याचदा चित्रगृहातली आवृत्तीच असते. लांबी १७८, १७९ आणि २०१ मिनिटं दिसली तर ती विस्तारित नव्हे. विस्तारित ब्लू-रेच्या पाठीवर २२८, २३५ आणि २६३ असे आकडे असतात. त्यात शेवटची फॅन क्लबच्या सभासदांच्या नावांची लांबलचक यादी धरलेली आहे. ती वगळली की उरतात २०८, २२३ आणि २५१, म्हणजे एकूण ११ तास २२ मिनिटं. नावांच्या यादीतच ४४ मिनिटं वाचतात. फक्त प्रत्येक चित्रपटाचं शेवटचं गाणं संपेपर्यंत थांबा, मगच बंद करा. ती गाणी गोष्टीचाच भाग आहेत.

सकाळी ७ ला पहिला चित्रपट, ‘फेलोशिप’ लावा. एलरॉंडची सभा संपते तिथे पहिली डिस्क संपते, तीच पंधरा मिनिटांची सुटी. चित्रपट १०:४५ च्या आसपास संपेल. ११:१५ ला ‘टू टॉवर्स’, मधे जेवणाला ४५ मिनिटं, की पावणेचार. चहा उरकून ४:१५ ला ‘रिटर्न ऑफ द किंग’, मधे अर्धा तास. नऊच्या सुमारास मोकळे.

मधली सुटी कुठे घ्यायची हे आधीच ठरवा. ‘टू टॉवर्स’मध्ये वार्गस्वारांच्या, म्हणजे लांडग्यांसारख्या प्राण्यांवरून येणाऱ्या शत्रूच्या, हल्ल्याच्या आधी थांबा. जेवणानंतर डोळे जड होतात, तेव्हा पडद्यावर धावपळ सुरू झालेली बरी. एंटांच्या, म्हणजे चालत्या-बोलत्या झाडांच्या, सभेत डुलक्या लागायच्या त्या लागतातच. तिसऱ्या चित्रपटात रोहनच्या घोडेस्वारांची शिंगं वाजण्याच्या अगदी आधी थांबा. जेवून ताजेतवाने होऊन बसल्यावर ती घोडदौड बघायची, ती अर्धवट पेंगत बघण्यासारखी गोष्ट नाही.

खाणं: पुस्तकाच्या प्रस्तावनेत हॉबिटांची दिवसाला सहा जेवणं आहेत, मिळतील तेव्हा. सात ही चित्रपटाची भर. सातही बसतात: साडेसहाला पहिली न्याहारी, एलरॉंडच्या सभेनंतर दुसरी, अकराचं खाणं दोन चित्रपटांच्या मधे, एकला जेवण, पावणेचारला चहा, तिसऱ्या चित्रपटाच्या मधल्या सुटीत संध्याकाळचं जेवण, नऊला शेवटचं. घोळ कुठे होतो? प्रत्येक वेळी पोटभर वाढलं की तिसऱ्या खाण्यालाच माणसं हात वर करतात. पोटभर फक्त दोनदा, दुपारी आणि संध्याकाळी. बाकी वेळी माणशी एक वाटी किंवा दोन घास. दुसऱ्या न्याहारीला टोमॅटो आणि मशरूम परतून टोस्टवर. मॅगॉट शेतकऱ्याच्या मळ्यातल्या मशरूमवर फ्रोडोचा लहानपणापासून डोळा होता, त्यामुळे मशरूमशिवाय हा दिवस होत नाही. बाजारातलीच घ्या. पावसाळ्यात रानात उगवलेली अळंबी ओळखणारं जाणतं माणूस सोबत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. दुपारी उकडलेल्या बटाट्याचं काहीतरी हवंच, फ्रोडोचा सोबती सॅम याच्या नावाने.

आणखी दोन गोष्टी. एल्फांच्या भाषेतल्या संवादांचं भाषांतर दाखवणारी वेगळी सबटायटल्स असतात. ती चालू नसली तर आर्वेन आणि आरागॉर्न काय बोलले ते नव्या लोकांना कळत नाही. आदल्या रात्री रिव्हेंडेलचा एखादा प्रसंग लावून तपासा. आणि साउंडबारवर नाइट मोड असेल तर तो चालू करा. नाहीतर कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवायचा आणि लढाई सुरू झाली की शेजारी दार वाजवणार. मुलांसाठी एक सूचना: शेलॉब, म्हणजे ती महाकाय कोळीण, पुस्तकात दुसऱ्या खंडाच्या शेवटी येते, चित्रपटात मात्र तिसऱ्यात. मूल घाबरट असेल तर त्या वेळी त्याला चहाच्या कपबश्या आवरायला आत बोलवा.

कोकणी_लोरियन
लेंबासचं मी घेते. पुस्तकातलं वर्णन असं: पातळ वड्या, बाहेरून फिकट तपकिरी, आतून सायीच्या रंगाच्या, पानांत गुंडाळलेल्या आणि अखंड राहिल्या तर बरेच दिवस ताज्या. त्यामुळे शॉर्टब्रेडच्या वळणाने जाणं सर्वात योग्य. अंड्याची गरजच नाही.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग पीठ. म्हणजे १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बिनमिठाचं बटर आणि ३०० ग्रॅम पीठ, त्यातलं २०० ग्रॅम मैदा आणि १०० ग्रॅम तांदळाचं पीठ. तांदळाच्या पिठामुळे कडकन मोडतं. चिमूटभर मीठ, अर्धा चमचा वेलदोड्याची पूड, हवी तर थोडी संत्र्याची साल किसून. बटर फ्रीजमधून काढून दहाच मिनिटं ठेवा, बोट दाबलं तर खळगा पडेल इतपतच मऊ हवं. बोटांच्या टोकांनी पिठात चोळा, मळू नका. गोळा जेमतेम जमला की थांबा. एक सेंटिमीटर जाड लाटून सहा सेंटिमीटरचे चौकोन कापा. १२ ते १४ होतात. प्रत्येकावर सुरीच्या मागच्या बाजूने कर्णरेषांची फुली ओढा, जवळजवळ निम्म्या जाडीपर्यंत. ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमध्ये. मग तापलेल्या ओटीजीत १६० अंशांवर मधल्या कप्प्यात २५ ते ३० मिनिटं. कडा सोनेरी झाल्या की बाहेर. तेव्हा मध्यभाग मऊ लागतो, तो गार झाल्यावर कडक होतो. मऊ लागतंय म्हणून आणखी भाजलं की आतला सायीचा रंग गेला.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. बटर वितळलेलं असलं की वड्या पसरतात आणि चौकोनाचे गोल होतात. साजूक तुपात केलं की नानकटाई होते. चवीला उत्तम, पण मोडली की भुगा. बेकिंग पावडर अजिबात नको, वडी फुगते आणि फुली बुजते. फुली वरवर ओढली तर भाजल्यावर दिसतच नाही.

पानासाठी केळीचं पान. मधला देठ काढून तुकडे करा आणि गॅसच्या आचेवरून झरकन फिरवा. पान चकाकतं, गडद होतं आणि घडी घालताना चिरत नाही. पुसून पूर्ण कोरडं करा. वडी आधी बटर पेपरमध्ये, मग पानात. थेट पानात ठेवली तर पानातला ओलावा वडी ओढून घेते आणि संध्याकाळपर्यंत ती लिबलिबीत होते. गरम वडी तर कधीच गुंडाळू नका. सप्टेंबरच्या दमट हवेत वड्या दोन दिवस आधी करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायच्या आणि पानात त्याच दिवशी सकाळी बांधायच्या. बांधायला केळीच्या सोपटाचा धागा असला तर बघायलाच नको.

तेल्को_आणि_लूवा
तेंगवारचं लांबलचक सांगणार आहे, कारण मराठीला ही लिपी इतकी चपखल बसते की मन भरून येतं.

तिची मूळ २४ अक्षरं म्हणजे तक्ता आहे. चार उभे गट उच्चारस्थानाप्रमाणे, सहा आडव्या ओळी उच्चाराच्या पद्धतीप्रमाणे. आपली वर्णमालाही याच तत्त्वावर मांडलेली आहे. प्रत्येक अक्षरात एक उभा दांडा, तेल्को, आणि एक कमान, लूवा. पहिल्या गटात कमान उजवीकडे आणि उघडी: त. दुसऱ्यात उजवीकडे आणि रेघेने बंद: प. तिसऱ्यात डावीकडे उघडी: च. चौथ्यात डावीकडे बंद: क. कमान दुहेरी केली की तेच व्यंजन घोष होतं: द, ब, ज, ग. दांडा आखूड आणि कमान दुहेरी, की अनुनासिक: न, म, ञ, ङ.

आता महाप्राण. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या ‘ई’ परिशिष्टात टोल्किन सांगतो की मूळ पद्धतीत दांडा वर आणि खाली दोन्हीकडे वाढवलेली एक ओळ होती आणि ती बहुधा महाप्राणांसाठी असे. म्हणजे ख घ, छ झ, थ ध, फ भ आपल्याला आयतेच मिळाले. नवीन काही शोधायचं नाही. इथे एक गंमत आहे: ‘फळ’मधला फ या लांब दांड्याचा, पण ‘फ्रोडो’मधला फ घर्षक आहे, म्हणून तो दांडा फक्त वर उचललेल्या अक्षराने, फोर्मेनने लिहायचा. देवनागरीत हे दोन्ही एकच अक्षर.

अनुस्वारही तिथेच आहे. व्यंजनावर आडवी रेघ किंवा लाटेसारखी खूण म्हणजे त्याच्या आधी त्याच गटाचं अनुनासिक, थेट आपला परसवर्ण. ‘अंत’, ‘पंप’, ‘पंखा’ याच खुणेने. हीच खूण खाली दिली की व्यंजन दुहेरी: ‘सत्तर’मधला त्त. खाली दोन टिंबं म्हणजे पुढे य: त्य, न्य.

मूर्धन्य गट मात्र लिपीत नाही. तो आपल्यालाच ठरवावा लागतो आणि मतभेद सगळे इथेच होतात. माझी शिफारस: त-गटाच्या अक्षराखाली एक टिंब. ट, ठ, ड, ढ, ण झाले. लांबेखाली, म्हणजे ल च्या अक्षराखाली, टिंब म्हणजे ळ. ष साठी श खाली टिंब, आणि श म्हणजे च-गटातलं दांडा वर उचललेलं अक्षर.

आता स्वर. स्वरांच्या खुणा, म्हणजे तेह्तार, क्वेन्या या एल्फांच्या भाषेच्या पद्धतीने आधीच्या व्यंजनावर ठेवा. आपण व्यंजन आधी आणि स्वर नंतर उच्चारतो, त्यामुळे तेच नैसर्गिक. तीन टिंबं अ, एक टिंब इ, तिरकी रेघ ए, उजवीकडे उघडणारा आकडा ओ, डावीकडे उघडणारा उ. दीर्घ स्वर लांब वाहकावर, म्हणजे खाली उतरणाऱ्या उभ्या रेघेवर. ऐ साठी यांता या अक्षरावर अ ची खूण, औ साठी ऊरे या अक्षरावर. अंगठीवरचा मजकूर बघून स्वर उचलू नका. तो काळ्या भाषेत आहे आणि त्यात ओ दुर्मीळ असल्याने उजवा आकडा उ साठी वापरलाय.

काही जण देवनागरीसारखा अ गृहीत धरतात आणि पायमोडीसाठी खाली टिंब देतात. मग मूर्धन्याला टिंब उरत नाही. एकाच टिंबाला दोन कामं दिली की ‘पट’ आणि ‘पत्’ एकसारखे दिसतात. म्हणून अ लिहाच, आणि ज्या व्यंजनावर खूण नाही त्याचा पाय मोडलेला समजा. याने लिहिणं उच्चारानुसारी होतं: ‘घर’मध्ये घ वर तीन टिंबं आणि र मोकळा.

‘वाढदिवस’ करून बघू. वाला (व) हे अक्षर मोकळं. त्यापुढे लांब वाहकावर तीन टिंबं. मग ढ, म्हणजे दांडा वर-खाली लांब, उजवीकडे दुहेरी उघडी कमान, खाली एक टिंब. मग आंदो (द), डोक्यावर एक टिंब, झालं दि. वाला आणि तीन टिंबं. शेवटी सिल्मे (स) मोकळं. स वर स्वर द्यायचा असेल, जसं ‘सप्टेंबर’मध्ये, तर सिल्मे उलटं लिहितात, म्हणजे डोक्यावर जागा होते. र साठी दोन अक्षरं आहेत: स्वराआधी असेल तर रोमेन, रफार असेल किंवा शब्दाच्या शेवटी मोकळा असेल तर ओरे. ‘ज्ञ’ आपण द्न्य असा उच्चारतो, तसाच लिहा: आंदो, मग नूमेन (न) आणि त्याखाली दोन टिंबं.

संगणकावर करणार असाल तर तेंगवार अन्नतारसारखा फॉन्ट घ्या. त्यात देवनागरी टंकून काही होत नाही, कळ बघून टंकावं लागतं: १ दाबलं की तिंको (त), क्यू दाबलं की पार्मा (प), ए दाबलं की काल्मा (च), झेड दाबलं की क्वेस्से (क). छपाईला देताना अक्षरांचं रेखाचित्रात रूपांतर करून पीडीएफ द्या. नुसती फाइल दिली आणि दुकानात तो फॉन्ट नसला तर निमंत्रणावर आकडे आणि रोमन अक्षरांची खिचडी छापून येते.

हाताने लिहिणार असाल तर फारच छान. २ मिमीची चपटी निब, साधारण ४५ अंशात. देवनागरीच्या छाटाचा बोरू घेऊ नका, त्याचा छाट उलट्या बाजूला तिरका असतो आणि जाड-बारीक नेमकं चुकीच्या जागी येतं. मराठीत महाप्राण बरेच असल्याने लांब दांडे सारखे येतात, शिवाय वर खुणा आणि खाली टिंबं. म्हणून दोन ओळींत कमानीच्या उंचीच्या चौपट तरी अंतर ठेवा. नाहीतर वरच्या ओळीचं ळ चं टिंब खालच्या ओळीत इ होऊन बसतं.

शायरकर_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार, हे तर अपेक्षेच्या पलीकडचं आहे. ‘वाढदिवस’ कागदावर काढून बघितला, फार देखणा दिसतो. आता दोन शंका. २२ तारीख कामाच्या दिवशी येतेय, रविवारी केलं तर चालेल का? आणि भेटवस्तूंचं काय करायचं?

मॅथम_संग्रहालय
रविवारी खुशाल करा, पुस्तकाचाच आधार आहे. शायरच्या, म्हणजे हॉबिटांच्या देशाच्या, कॅलेंडरात प्रत्येक महिना ३० दिवसांचा, आणि उरलेले दिवस वर्षअखेरीस आणि वर्षाच्या मध्यावर महिन्यांबाहेर ठेवलेले. वर्षाचा मध्यदिवस उन्हाळ्यातल्या सर्वात मोठ्या दिवसाशी जुळवलेला आहे. तिथून मोजत गेलात तर त्यांची २२ सप्टेंबर आपल्या १२ ते १४ सप्टेंबरच्या आसपास पडते. म्हणजे त्या दहा-बारा दिवसांतला कुठलाही रविवार धरा. फक्त गणपती कधी आहेत ते बघून घ्या, खिडकीखाली ढोल-ताशा सुरू असताना गॉलमची कुजबुज ऐकू येणार नाही.

भेटवस्तूंची हॉबिटांची रीत आपल्या उलट: ज्याचा वाढदिवस, तो इतरांना देतो. आणि मॅथम म्हणजे जिचा उपयोग नाही पण टाकवतही नाही अशी वस्तू. शायरमध्ये तर अशा वस्तूंचं संग्रहालयच आहे. दोन्ही जोडा. निमंत्रणातच लिहा की प्रत्येकाने घरातला एक मॅथम कागदात गुंडाळून आणावा, विकत काही आणू नये. आल्यावर चिठ्ठ्या टाका, ज्याच्या नावाची चिठ्ठी येईल त्याला तो द्यायचा. यजमान म्हणून बाराही जणांना छोटं काहीतरी तुम्ही द्या, लेंबासची पुडी पुरेशी आहे.

खरी मजा लेबलात आहे. बिल्बोने घर सोडताना प्रत्येक भेटीवर नाव आणि टोमणा लिहून ठेवला होता. ज्याने अनेक छत्र्या नेल्या त्याला छत्री, पुस्तकं नेऊन परत न करणाऱ्याला रिकामं कपाट, लोबेलिया या नातेवाईक बाईला चांदीचे चमचे. तशी एका ओळीची लेबलं करा. चिमटा सवयीला काढा. रूप, पैसा आणि घरच्या गोष्टींना हात लावू नका. लेबलं तुम्ही एकट्याने आधी लिहून ठेवा आणि वाटप चहाच्या वेळी करा. रात्री शेवटी ठेवलंत तर ग्रे हेवन्स बंदरावरचा निरोपाचा प्रसंग बघून सगळ्यांचे डोळे भरलेले असतात, तेव्हा कुणाला हसू येत नाही, आणि यायलाही नको.

चित्रपट लावण्याआधी पहिल्या प्रकरणातलं बिल्बोचं भाषण कुणीतरी मोठ्याने वाचा. बिल्बो १११, फ्रोडो ३३, बेरीज १४४, आणि खास पंगतीला पाहुणे तितकेच. एवढं सांगितलं की नव्या मुलांना पुढचं लगेच समजतं.

एंटमामा
वरच्या सगळ्याला +१. त्या दिवसानंतर गट टिकवायचा असेल तर तारखांप्रमाणे वाचन सुरू करा. फ्रोडो २३ सप्टेंबरला घर सोडतो आणि २५ मार्चला अंगठी नष्ट होते. २५ मार्च हाच टोल्किन वाचन दिन म्हणूनही पाळतात. एकूण ६२ प्रकरणं, सहा महिने. ६ ऑक्टोबरला वेदरटॉप, २० ला नदीचा उतार, २५ ला एलरॉंडची सभा.

अडचण दोन ठिकाणी येते. सभेनंतर २५ डिसेंबरपर्यंत मंडळी रिव्हेंडेलमध्येच असतात, त्यामुळे दोन महिने वाचायला जवळजवळ काही नाही. त्या काळात परिशिष्टं आणि गाणी घ्या. मग २६ फेब्रुवारीला बोरोमिर पडतो आणि पुढच्या महिन्यात उरलेलं सगळं कोसळतं. तिथे तारखेचा हट्ट सोडा. कादंबरीच्या सहा भागांपैकी तिसरा आणि चौथा भाग एकाच काळात घडतात. तारखेप्रमाणे दोन्ही चिरून वाचले तर फ्रोडोचं काय झालं ही ओढच मरते. आधी तिसरा पूर्ण, मग चौथा. एंटांची सभा ३० फेब्रुवारीला सुरू होते, त्यांच्या कॅलेंडरात ती तारीख आहे. आपण ती १ मार्चला वाचायची.

तेल्को_आणि_लूवा
शायरकर, निमंत्रणात तारीख लिहाल तेव्हा ‘सप्टेंबर’मधला ट विसरू नका: तिंको आणि खाली टिंब. त्याच्या डोक्यावर फक्त ए ची तिरकी रेघ येईल. अनुस्वाराची लाट पुढच्या ब वर, म्हणजे उंबारवर, त्याच्या तीन टिंबांच्या खाली. शेवटचा र मोकळा, म्हणून ओरे. पूर्ण मजकूर तयार झाला की इथे फोटो टाका, छापण्याआधी तपासून देतो.